शियाचे लोणी आणि खरेदीचा भाव

धंद्यातून समाजाचे भले करायचे म्हटले की आमच्या बहुतेक व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर वर्षअखेरची देणगी उभी राहते. आधी मुनाफा, मग त्यातून शाळेला, दवाखान्याला काही रक्कम. ही रीत चांगलीच आहे. पण माल खरेदी करतानाच त्या भावात समाजाचा वाटा धरायचा, अशीही एक रीत आहे. तिचा अभ्यास करण्यासाठी आम्ही आज अमेरिकेतील एक कंपनी निवडली आहे. कंपनीचे नाव सनडायल ब्रँड्स आणि तिच्या मालाचे नाव ‘शियामॉइश्चर’. साबण, अंगाला लावायचे मलम, केसांचे तेल असा हा माल. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी ही कंपनी उभी केली आणि तिचे पहिले गिऱ्हाईकही अमेरिकेतील काळा समाजच होता.

नावावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. येथे शिया म्हणजे फिरका नव्हे, पश्चिम आफ्रिकेतील एक झाड आहे. त्याच्या बीपासून लोण्यासारखा घट्ट स्निग्ध पदार्थ निघतो. १३५२ साली मालीच्या वाटेवर असताना इब्ने बतूता याने आपल्या सफरनाम्यात ज्या ‘गर्ती’ नावाच्या फळाचे वर्णन केले, ते हेच, असे जाणकार मानतात. त्याचे तेल लोक स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला लावायला आणि मातीत कालवून घरे सारवायलाही वापरतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांचे आहे. पडलेली फळे वेचायची, बिया उकळून वाळवायच्या, फोडून आतला दाणा भाजायचा, दळायचा, मग पाणी घालून हाताने तासन् तास घुसळायचे. वर आलेली चरबी पुन्हा कढवली की लोणी तयार. झाडाला फळ धरायला १५ ते २० वर्षे लागतात, म्हणून लागवड फारशी नाही. शेतात, रानात आपोआप आलेली झाडेच लोक जपतात.

आता यातली व्यापाराची मेख पाहा. फळ पडते ते पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे नेमके घरातले धान्य संपत आलेले असते तेव्हा. बाईला पैशाची निकड असते. ती दाणा वाळवते आणि दारात आलेल्या पहिल्या दलालाला मिळेल त्या भावाने देऊन टाकते. दाणा पोत्यांनी परदेशी जातो आणि त्याच्या चरबीचा मोठा भाग चॉकलेटच्या कारखान्यांत खपतो. मालेगावचा मागवाला ग्रे कापड देतो आणि रंगाई-छपाईचा मुनाफा पाली-बालोत्र्याकडे राहतो, हे आम्ही कापडवाले रोज पाहतो. दाणा विकणे आणि लोणी विकणे यांतला फरक आम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

रिचेल्यू डेनिस हा मूळ लायबेरियाचा. त्याची आजी सोफी टकर १९१२ मध्ये सिएरा लिओनच्या बोंथे गावच्या बाजारात शियाचा माल विकत असे, असे कंपनीच सांगते. डेनिस अमेरिकेत बॅबसन कॉलेजात व्यापार शिकला. १९९१ मध्ये शिक्षण संपले तेव्हा लायबेरियात यादवी पेटलेली होती आणि परतीची वाट बंद झाली होती. आई मेरी डेनिसही देश सोडून अमेरिकेत आली. मायलेक आणि नायमा टबमन हा मित्र, असे तिघे भागीदार. आजीच्या कृतीने त्यांनी साबण बनवले आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मांडून विकले.

मोठ्या दुकानांत शिरायचे तर तेथे दुसरीच अडचण. अमेरिकेत काळ्या गिऱ्हाइकांचा माल वेगळ्या फळीवर ठेवायची पद्धत होती. ती बहुधा कोपऱ्यात असे आणि लहान असे. डेनिसचा याला विरोध होता. २०१६ मध्ये कंपनीने या भिंती पाडा म्हणून जाहिरातीची मोहीमच चालवली. पण पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, तिने केसांविषयी एक जाहिरात काढली आणि तीत बहुतेक गोऱ्या बायका दाखवल्या. जुने गिऱ्हाईक इतके खवळले की कंपनीला जाहिरात मागे घेऊन जाहीर माफी मागावी लागली. नव्या गिऱ्हाइकाला बोलावण्यात वावगे काही नाही. पण ज्यांनी उन्हात उभे राहून पहिला साबण विकत घेतला, तेच चित्रातून गायब झाले, हे लोकांना सहन झाले नाही. आमच्या मते लोकांचा राग रास्त होता.

आता मुख्य गोष्ट, खरेदीची. कंपनी उत्तर घानातील बायकांच्या सहकारी संस्थांकडून शिया घेऊ लागली. या व्यवस्थेला तिने ‘कम्युनिटी कॉमर्स’ हे नाव दिले. ठराविक मालाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम बायकांच्या धंद्यांसाठी बाजूला काढायची, असेही ठरवले. येथे देणगी आणि धंदा वेगळे राहिले नाहीत. विक्री वाढली की वाटा वाढणार आणि विक्री घसरली की वाटाही घसरणार. ही त्या व्यवस्थेची ताकद आहे, आणि कच्ची बाजूही तीच.

नोव्हेंबर २०१७ मध्ये युनिलिव्हरने सनडायल विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या वर्षीची उलाढाल सुमारे २४ कोटी डॉलर अपेक्षित होती. हीच युनिलिव्हर आमच्याकडे १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकत आली आणि २०२० मध्ये तिने त्यातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ घातला. गोरे करणारे मलम आणि काळ्या त्वचेचा अभिमान सांगणारा साबण आता एकाच मालकाच्या वखारीत आहेत. डेनिसने शब्द विकला, असे पुष्कळांनी म्हटले. मात्र या सौद्यासोबतच ‘न्यू व्हॉइसेस फंड’ जाहीर झाला. काळ्या व इतर गोरेतर समाजांतील उद्योजक स्त्रियांना भांडवल देणे हे त्याचे काम. सुरुवातीचे ५ कोटी डॉलर युनिलिव्हर आणि सनडायल यांचे, आणि उद्दिष्ट १० कोटींचे. पुढे जानेवारी २०१८ मध्ये डेनिसने काळ्या स्त्रियांचे ‘एसेन्स’ मासिक टाइम कंपनीकडून विकत घेऊन पुन्हा काळ्या मालकीत आणले.

तेव्हा ‘शियामॉइश्चर’ला आज काळ्या मालकीची कंपनी म्हणणे चूक ठरेल. फंड मात्र सौद्याच्या वेळीच, रकमेसह जाहीर झाला होता. हिमरूच्या किंवा बांगडीच्या कारागिराकडे उद्या एखादी मोठी कंपनी आली, तर तिच्याकडून उचल कोणत्या महिन्यात मिळणार, भाव कोण ठरवणार, तयार मालावर कारागिराचे नाव राहणार की नाही आणि कंपनी विकली गेली तर नव्या मालकावर यातले काय बंधनकारक असेल, एवढ्या चार ओळी सहीच्या आधी कागदावर उतरवून घ्याव्यात.