एका नावाची अनेक कुळे : बोट्युलिनम जिवाणू आणि त्याचे सगेसोयरे

‘पाणी उकळले म्हणजे त्यातील जंतू मरतात’ हे वाक्य प्राथमिक शाळांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. पटकी, विषमज्वर यांच्या जंतूंपुरते ते खरे आहे व मुलांच्या मनावर ठसविण्यासारखेही आहे. तथापि सृष्टीत असे काही जिवाणू आहेत की, ज्यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. शाळेतच मुलांचे अन्न शिजू लागल्यापासून अशा एका जिवाणूची ओळख शिक्षकास असणे अगत्याचे झाले आहे. बोट्युलिनम हे त्याचे नाव.

लॅटिन भाषेत ‘बोट्युलस’ म्हणजे आतड्यात मांसाचा खिमा भरून केलेला पदार्थ. जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात असा पदार्थ खाऊन माणसे दगावत. युस्टिनस केर्नर या तेथील वैद्याने (हे गृहस्थ कवी म्हणूनही प्रसिद्ध होते) 1820 व 1822 मध्ये या विषबाधेची बारकाईने केलेली वर्णने प्रसिद्ध केली. तोंडाला कोरड पडते, पापण्या मिटू लागतात, एकाची दोन दिसतात, घास गिळवत नाही. मात्र रोगी शेवटपर्यंत शुद्धीवर असतो, असे त्यांनी नोंदविले. त्या विषाची चव त्यांनी स्वतःही घेऊन पाहिली. हे साहस अनुकरणीय नव्हे, परंतु निरीक्षणे आजही खरी ठरतात.

जिवाणू सापडला तो पुढे बेल्जियममध्ये. डिसेंबर 1895 मध्ये एल्झेल या खेड्यात एका अंत्यविधीनंतर वाजंत्री मंडळी जेवावयास बसली. पानात खारविलेले डुकराचे मांस होते. 34 जण आजारी पडले व तिघे मरण पावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसाची तपासणी केली. ते नेहमीच्या अर्थाने कुजलेले नव्हते, आणि त्याच जनावराचे इतर मांस खाणारांस काही झाले नव्हते. बाधक तुकडा पिंपाच्या तळाशी, खाऱ्या पाण्यात बुडालेला, म्हणजे हवेपासून तुटलेला होता. त्यातून त्यांनी जिवाणू वेगळा केला व 1897 मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

हा जिवाणू हवेतील प्राणवायूचा वैरी आहे. तो मातीत सर्वत्र आढळतो, पण उघड्यावर वाढत नाही. प्रतिकूल काळ आला की तो कठीण कवचाचा बीजाणू होऊन स्वस्थ पडून राहतो. कोरड्या पेरणीतील दाणा जसा पावसाची वाट पाहतो, तसाच हा हवाबंद जागेची, ओलाव्याची व उबेची वाट पाहतो. पाणी उकळते त्या उष्णतेला हा बीजाणू दाद देत नाही. दाबाखाली 121 अंश सेल्सिअस उष्णता सुमारे तीन मिनिटे द्यावी तेव्हा तो मरतो. डबाबंद अन्नाचे कारखाने याच हिशेबावर चालतात. गंमत अशी की, त्याने तयार केलेले विष मात्र उष्णतेपुढे दुबळे आहे. अन्न दहा मिनिटे खळखळून उकळल्यास विष नष्ट होते. अर्थात बीजाणू टिकतो व विष मोडते. ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून मुलांना त्यांतील भेद सांगावयास लावावा.

आंबटपणाही याला सोसत नाही. सामू 4.6 पेक्षा कमी असेल तेथे तो वाढत नाही. लिंबाचे व कैरीचे खारात मुरलेले लोणचे निर्धोक राहते ते आंबट व मीठ या जोडीमुळेच. लसूण किंवा मिरच्या नुसत्या तेलात बुडवून ठेवल्या तर ते लोणचे नव्हे. तेलाखाली हवा नसते आणि आंबटही नसते.

आता त्याच्या गोतावळ्याकडे वळू. एखाद्या गावात एकच आडनाव लावणारी चार घरे असावीत आणि त्यांचा कुलवृत्तान्त पाहता चारही कुळे वेगवेगळी निघावीत, तसा प्रकार येथे आहे. जो हे विष तयार करील तो बोट्युलिनम, असे नाव दिले गेले. पुढे जनुकांची तुलना झाली तेव्हा एका नावाखाली चार निरनिराळे गट नांदत असल्याचे दिसून आले. पहिल्या गटाचा सख्खा भाऊ म्हणावा असा ‘स्पोरोजिनिस’ जिवाणू सहसा विषारी नसतो. म्हणून डबाबंदीच्या उष्णतेची चाचणी त्याच्यावर घेतात. दुसरा गट शीतपेटीतील तीन अंशांवरही वाढू शकतो. तिसऱ्याची बाधा मुख्यतः पक्ष्यांना व गुरांना होते. स्फुरदाच्या उणिवेमुळे हाडे चघळणारी गुरे त्याला बळी पडतात. चौथा गट अर्जेंटिनातील मातीत सापडला व 1988 मध्ये त्याला ‘अर्जेंटिनेन्स’ असे स्वतंत्र नावच मिळाले.

मग परक्या कुळांत एकच विष कसे आले? विषाचे जनुक हे उसन्या पाभरीसारखे आहे; ते या घरातून त्या घरात जाते. तिसऱ्या गटात ते जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूच्या अंगी असते. तो विषाणू निघून गेला की जिवाणू निर्विष होतो. 1974 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी असा विषाणू काढून दुसऱ्या प्रकारचा विषाणू घातला, तेव्हा तोच जिवाणू ‘नोव्हाय’ या वेगळ्या जातीचे विष तयार करू लागला. जातीची नावे देण्याची आपली घाई किती कच्ची असते, हे यावरून ध्यानात यावे.

या गोतातील एक नातलग गावोगाव परिचित आहे. तो म्हणजे धनुर्वाताचा जिवाणू. बोट्युलिनमचे ‘बी’ प्रकारचे विष व धनुर्वाताचे विष मज्जातंतूच्या टोकातील एकाच प्रथिनाला एकाच ठिकाणी कापतात, असे 1992 मध्ये सिद्ध झाले. तरीही एकाने शरीर लुळे पडते व दुसऱ्याने ताठ होते. हे समजावून देण्यास मुलास कोपर दुमडावयास सांगावे. पुढचा स्नायू ओढतो तेव्हा मागच्याला ‘सैल हो’ अशी आज्ञा मिळते. बोट्युलिनमचे विष स्नायूपाशीच थांबून ‘ओढ’ ही आज्ञा पोहोचू देत नाही. धनुर्वाताचे विष मज्जातंतूच्या वाटेने पृष्ठरज्जूपर्यंत चढते व ‘सैल हो’ ही आज्ञा अडविते; मग दोन्ही स्नायू एकदम ओढतात. धनुर्वाताला लस आहे. दहाव्या व सोळाव्या वर्षी ती टोचतात, तेव्हा त्या दिवशी पाचवीतील कोणी गैरहजर राहिले काय, हे हजेरीपटावरून पाहावे.

भारतात बोट्युलिझम विरळा. परंतु सप्टेंबर 1996 मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेत 34 विद्यार्थ्यांना बाधा झाली व तिघे दगावले. संशय आला तो शिळ्या शेवेवर. तिच्यात सापडलेला जिवाणू बोट्युलिनम नव्हता. ‘ब्युटिरिकम’ नावाचा, एरवी निरुपद्रवी गणला जाणारा नातलग होता. उसनी पाभर त्याच्याही घरी पोहोचली होती.

अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याची पद्धत चांगली आहे. पण या विषाची चव वा वास येईलच असे नाही, आणि अत्यल्प मात्राही घातक ठरते. यास्तव फुगलेला डबा, उघडताच फसफसणारी बरणी किंवा बंद पिशवीत उबेला राहिलेले कालचे अन्न चाखून पाहू नये, टाकून द्यावे.

आणखी एक गोष्ट पालकसभेत मातांच्या कानांवर घालावी. तान्ह्या बाळाला मध चाटविण्याची चाल आपल्याकडे आहे. मधात हे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात रुजून तेथेच विष तयार करतात. हा प्रकार 1976 मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. बाळाला शौचास होत नाही, रडणे क्षीण होते, मान टाकली जाते. आजीबाईंचा मान राखून सांगावे, पण पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नको, असे स्पष्ट सांगावे.

एकाच पंगतीतील दोघातिघांना ताप नसताना पापण्या जड होणे, दुहेरी दिसणे, बोबडे बोलणे असे होऊ लागले तर घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. श्वासाचे स्नायू थकण्यापूर्वी मुलाला जिल्हा रुग्णालयात पोहोचवावे व उरलेले अन्न झाकून सोबत न्यावे. प्रतिविष असते, पण ते रक्तातील विषालाच अडविते. मज्जातंतूत शिरलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. ते मज्जातंतू पूर्ववत होण्यास आठवडे, कधी महिने लागतात, आणि तोवर श्वासयंत्राच्या आधाराने रोगी जगविता येतो.