आईचे दूध पातळ नाही, बाळ लवकर आले आहे

राहुरी तालुक्यातील वस्त्यांवर बाळंतिणीला भेटायला गेलो आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असले, की एक वाक्य हमखास कानी पडते : "हिचे दूधच पातळ, म्हणून बाळ बाळसे धरत नाही." मग कुणी गाईचे दूध सुचवते, कुणी शेळीचे, तर कुणी मेडिकलमधून प्रोटीन पावडरचा डबा आणायला सांगते. सातव्या महिन्यापर्यंत खुरपणीला जाणाऱ्या त्या आईच्या माथी दोष बसतो तो बसतोच. ऐकीव गोष्ट पारखून मगच स्वीकारावी, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून या वेळी आपण हा दोषच पारखून पाहू.

आधी हिशेब

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ. पोटातील शेवटच्या तीन महिन्यांत बाळ फार झपाट्याने वाढते. त्यासाठी लागणारी प्रथिने, कॅल्शियम, लोह त्याला नाळेतून रात्रंदिवस मिळत असते. तेच बाळ तिसाव्या आठवड्यात बाहेर आले, तर वाढीची भूक तेवढीच राहते. नाळ मात्र सुटलेली असते.

१२०० ग्रॅम वजनाचे बाळ घेऊ. इतक्या लहान बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे सुमारे ४.२ ते ४.८ ग्रॅम. ते दिवसभरात साधारण १९० मिलिलिटर दूध घेऊ शकते. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे पोटात गेली जेमतेम २ ग्रॅम. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिल्या काही दिवसांत प्रथिने जास्त असतात. पण पुढच्या आठवड्यांत तीही कमी होत जातात.

हेच दूध पूर्ण दिवसांच्या, तीन किलोच्या बाळाला पहिले सहा महिने पुरते. दूध तेच आहे, गरज वेगळी आहे. शिवाय आई काय खाते यावर दुधातील प्रथिनांचे प्रमाण फारसे बदलत नाही. आईला डाळ, मटकी, अंडी, शेंगदाणे, सुकट पोटभर द्यायचेच. पण ते तिची झीज भरून येण्यासाठी, तिची परीक्षा घेण्यासाठी नव्हे.

उणीव कशी भरतात?

आईचे दूध बंद करून नाही, तर त्यातच भर घालून. रुग्णालयात आईचे काढलेले दूध मोजून घेतात आणि त्यात 'फॉर्टिफायर' नावाची खास भुकटी ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. तिच्यात प्रथिनांबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस व जीवनसत्त्वे असतात. ही भुकटी प्रत्येक लहान बाळाला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार, ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, आईच्या दुधावर असलेल्या बाळांसाठी तिचा विचार करावा.

अशी भर घातल्याने वजन, लांबी व डोक्याचा घेर अधिक वेगाने वाढतो, असे अभ्यासांत दिसले आहे. डोक्याचा घेर वाढणे म्हणजे मेंदू वाढणे. म्हणून डॉक्टरांना नुसते वजन विचारू नका; "डोक्याचा घेर किती वाढला?" हेही विचारा. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढले, तर वाढ चांगली समजावी.

प्रथिने कमी पडणे वाईट, तशी जास्त होणेही वाईट. गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात. बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना तो भार झेपत नाही. मोठ्यांची प्रोटीन पावडर तर बाळाच्या तोंडाजवळही नेऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्यांचा एक जीवघेणा आजार होतो. आईचे दूध त्यापासून संरक्षण देते, डब्याचे दूध ते देऊ शकत नाही. मध, गुटी, पाणी काहीही नको. पहिला पिवळसर चीक तर थेंबही वाया घालवू नये.

आईला दूध येत नसेल तर?

सिद्धार्थाच्या जन्मानंतर महामाया गेली, तेव्हा महाप्रजापती गौतमीने त्याला आपले दूध पाजून वाढवले. हीच करुणा आज दूधपेढीत दिसते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. दान करणाऱ्या आईची तपासणी होते, दूध तापवून निर्जंतुक केले जाते आणि मग ते गरजू बाळाला मिळते. त्या दुधाला जात नसते. आपल्या भगिनींनी हे दान जरूर करावे.

आपल्या हाती काय आहे?

बाळ काचेच्या पेटीत असले, तरी आईने जन्मानंतर लवकरात लवकर दूध काढायला सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढावे. काढले तरच दूध टिकते. बाळाची प्रकृती स्थिर झाली, की कांगारू पद्धतीने त्याला उघड्या छातीशी धरावे. रोज किमान आठ तास, जमेल तितके अधिक. हे काम वडील किंवा आजीही करू शकते. ओढायची ताकद येईपर्यंत दूध वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नाही. घरी आल्यावर आशाताईंच्या भेटी चुकवू नयेत. लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील तसेच द्यावेत. बाळ दूध घेईना, अंग गार पडले, श्वास जोरात चालला किंवा झटके आले, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयात आजारी बालकाचे उपचार, औषधे व वाहन एक वर्षापर्यंत मोफत आहे. तो हक्क आहे, मागून घ्या.

शेवटची गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. दर तीन तासांनी दूध काढणारी आई त्याच वेळी कामावर असू शकत नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी तेव्हा ठामपणे मांडले. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. मळ्यात राबणाऱ्या आपल्या बहिणींपर्यंत ती विश्रांती अजून पुरती पोहोचलेली नाही. निदान आपल्या घरात ती पोहोचू द्या. पाणी भरा, स्वयंपाक करा, आईला बाळाजवळ बसू द्या; आणि "हिचे दूधच पातळ" हे वाक्य आपल्या वस्तीतून कायमचे हद्दपार करा.