महाशीर मासा व नदींतील मासेमारी

महाशीर वाहत्या, स्वच्छ पाण्यांत वाढतो व पावसाळ्यांत गोटे-रेतीच्या प्रवाहांत अंडीं घालतो. अशा वेळीं जाळें टाकलें म्हणजे पुढील सालचें बीजच उपटलें जातें. म्हणून पावसाळा टळेपर्यंत जाळें कोरडें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. सुरुंग व विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानें मनाई आहे. गळानें धरून जिवंत सोडण्याचा छंदही सर्वत्र मोकळा नाहीं; कावेरी अभयारण्यांत तो २०१२ च्या सुमारास बंद झाला.

परंतु नुसत्या मनाईनें भागत नाहीं. लोणावळ्याच्या उबवणकेंद्रांतील दख्खनी महाशिराचीं पिलें १९७० नंतरच्या दशकांत कावेरींत सोडण्यांत आलीं. हेतु चांगला होता. पण तीं तेथें इतकीं फोफावलीं कीं मूळचा कुबडा महाशीर मागें पडला, व २०१८ सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. धरणें व वाळूउपसा हींही कारणें आहेतच. बियाणें पारखून घेणाऱ्या शेतकरी बंधूंस अधिक सांगणें नलगे: मत्स्यबीज सोडण्यापूर्वीं तें त्याच खोऱ्यांतील आहे काय, हें आधीं विचारावें.

महाडजवळ वाळणकोंडींत काळ नदीचे मासे देवाचे म्हणून कोणी धरीत नाहीं. यात्रेकरूंनीं टाकलेले चुरमुरे खावयास ते झुंडीनें काठाशीं येतात.