गाडी थांबवल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

महामार्गावर अपघात झाला की बघता बघता गर्दी जमते आणि 'उचला, उचला!' असा गलका सुरू होतो. चार जण हात-पाय धरतात, मान लोंबकळते आणि जखमी माणूस मिळेल त्या जीपमध्ये कोंबला जातो. हेतू चांगलाच असतो, पण अशा उचलण्यातच मणक्याला कायमची इजा होऊ शकते. वाटेत थांबणाऱ्याचं काम तसं थोडं आहे: दुसरा अपघात होऊ न देणं, श्वास चालू ठेवणं आणि रक्त थांबवणं. मात्र ते क्रमानं व्हायला हवं.

गाडीत असू द्या

परावर्तक त्रिकोण, चांगली टॉर्च, रबरी हातमोजे, दोन-तीन धुतलेले पंचे किंवा सुती ओढण्या, कात्री, एक चादर. हातमोजे नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवली तरी चालते.

कृती

१. गाडी लावा. अपघाताच्या जागेपासून थोडं पुढे जाऊन, डांबर पूर्ण सोडून, साइडपट्टीच्या बाहेर थांबा. हॅझर्ड लाइट लावा, हँडब्रेक ओढा. मुलांना गाडीपाशी किंवा रस्त्यावर घुटमळू देऊ नका. कोणी मोठं माणूस त्यांना घेऊन रस्त्यापासून लांब उभं राहू दे.

२. मागची वाहतूक सावध करा. ताशी ८० किलोमीटर वेगानं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे ५० मीटरवर ठेवलेला त्रिकोण पाहून ब्रेक दाबायला चालकाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. त्रिकोण निदान १०० मीटर मागे न्या, साधारण सव्वाशे ते दीडशे पावलं. वळण असेल तर येणाऱ्या गाड्यांना वळणाच्या आधीच दिसेल असा ठेवा. चालताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असू द्या. त्रिकोण नसेल तर फांद्या आणि दगड वापरतात तसे वापरा. जमलेल्यांपैकी एकाला नेमकं काम द्या: 'दादा, ही टॉर्च घ्या, वळणावर कडेला उभे राहा आणि गाड्या हळू करायला सांगा.' द्रुतगती मार्गावर मात्र मार्गिकेत उतरू नका. कठड्यापलीकडे उभं राहून फोन करा.

३. धोका हुंगा आणि बघा. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येतोय का? टँकर आहे का? विजेची तार गाडीवर पडली आहे का? यांपैकी काहीही असेल तर लांब राहा आणि लोकांनाही लांब ठेवा. तार पडली असेल आणि आग नसेल तर आतल्यांना आतच बसायला सांगा. बाकी वेळी गाडीची चावी बंद करा, चाकाला दगड लावा, कोणाला विडी पेटवू देऊ नका. उलटलेली गाडी सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

४. फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि अग्निशमनासाठी ११२, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. जागा नेमकी सांगा: किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, कोणत्या दिशेची बाजू, जवळचा ढाबा किंवा पूल. मग जखमी किती, कोणी अडकलंय का, शुद्धीवर कोण नाही. समोरच्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका.

५. गप्प पडलेल्याकडे आधी जा. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. हाक मारा, छाती वर-खाली होतेय का ते १० सेकंद पाहा. श्वास नसेल तर कडक जमिनीवर उताणं ठेवून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवा आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

६. रक्त दाबून धरा. पंच्याची घडी जखमेवर ठेवून तळहातानं जोर द्या. कापड भिजलं तर ते काढू नका, वर दुसरं ठेवा. हळद, चहापूड, माती काहीही भरू नका. आत घुसलेली काच किंवा सळई उपटू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या.

७. मान स्थिर करा. जखमीच्या डोक्याशी गुडघ्यावर बसा, कोपरं जमिनीला टेकवा, दोन्ही तळव्यांत डोकं आहे तसं धरा आणि बोलत राहा: 'काका, मान हलवू नका, मी धरलंय. नाव काय तुमचं?' उलटी येत असेल तरच डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी कुशीवर वळवा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट तसंच राहू द्या. पाणी, चहा, गोळी काही पाजू नका, शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं. चादर मात्र पांघरा.

८. बाहेर काढायचं केव्हा? आग, पाणी किंवा अडलेला श्वास, एवढ्याच कारणांसाठी. रुग्णवाहिका येणारच नसेल तर चौघांनी फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सरळ झोपवून न्या. त्यातला एक जण फक्त डोकं सांभाळेल.

९. वस्तू आणि फोन. पाकीट, दागिने, मोबाइल दोघांच्या देखत एका पिशवीत घालून रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांकडे किंवा पोलिसांकडे द्या. जखमीचा फोन वाजला तर उचला, रुग्णालयाचं नाव सांगा. फोटो काढणाऱ्याला हटकायला कचरू नका.

'पोलिसांचं झेंगट' लागेल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानं आणि मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १३४-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, की पैसे भरायला लावू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. २०२५पासून जखमीवर ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता होण्याची केंद्राची योजना आहे. नातेवाइकांना ही गोष्ट आवर्जून सांगा, कारण त्या घटकेला त्यांना ती आठवत नाही.

१०. निघण्याआधी रुग्णवाहिकेवाल्यांना तीन गोष्टी सांगा: शुद्ध केव्हा हरपली, रक्त कुठून गेलं, तुम्ही काय केलं. हात साबणानं धुवा. आणि खुणेसाठी ठेवलेले दगड, पोलिसांना विचारून, स्वतःच्या हातानं बाजूला काढा. क्रेन गाडी घेऊन जाते, दगड तिथेच राहतात, आणि अंधारात एखादा दुचाकीस्वार त्यांवरच आदळतो.