घरातील पहिले गणित

मुलाचे शिक्षण शाळेच्या घंटेबरोबर सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पाहता पहिल्या इयत्तेच्या पाटीवर मूल जेव्हा पहिला आकडा काढते, तेव्हा त्याच्या गणिताची तीन-चार वर्षे आधीच होऊन गेलेली असतात. ती सत्कारणी लागली की फुकट गेली, एवढाच काय तो प्रश्न उरतो. या वार्षिकाचे वाचक म्हणजे देवपुरातील व धुळे शहरातील अशा बालकांचे आईबाप तरी आहेत, किंवा त्यांची थोरली भावंडे तरी. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या बालकांस घरच्या घरी, आपापल्या धर्मश्रद्धेच्या वातावरणात, गणिताचे पहिले धडे कसे द्यावेत याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय लहान दिसतो, पण क्षुल्लक नाही. एखादे बालक एकापासून शंभरापर्यंत घडाघडा म्हणून दाखविते. पाहुणे शाबासकी देतात. पण त्यासच ‘पाच चमचे घेऊन ये’ म्हटले, तर ते मूठभर चमचे आणून समोर ठेवते. त्यास शब्द आले, संख्या आली नाही. अशा पायावर पुढे बेरीज-वजाबाकीची इमारत चढविली की ती डळमळू लागते, आणि मूल स्वतःसच मठ्ठ समजू लागते. सहा वर्षांच्या जिवाने स्वतःविषयी असे मत करून घ्यावे, याहून मोठी हानी ती कोणती? हायस्कुलातील कित्येक विद्यार्थ्यांस गणिताची जी धास्ती वाटते, तिचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

श्रद्धा आणि गणित यांचा मेळ कसा घालावा, अशी शंका कोणी घेईल. आमच्या खानदेशास तरी ही शंका शोभणारी नाही. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला, व त्यास इ. स. १२०७ मध्ये देणगी मिळाली, अशी हकीकत त्या शिलेवर कोरलेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि त्यांस विद्या मिळाली ती आपले वडील महेश्वर यांजकडून, म्हणजे घरातच. त्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. कोणी भक्त कमळांच्या राशीतील तिसरा हिस्सा शंकरास, पाचवा विष्णूस, सहावा सूर्यास व चौथा देवीस वाहतो. उरलेली सहा कमळे तो गुरूंच्या चरणी ठेवितो. तर एकूण कमळे किती? आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य सोडवावे. उत्तर १२० येते. पूजेचे ताट हीच येथे गणिताची पाटी झाली आहे.

ख्रिस्ती शिक्षकांनीही हाच मार्ग धरिला. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ज्या बालशाळेचा आरंभ केला, तीच पुढे ‘किंडरगार्टन’ म्हणून जगभर गेली. चेंडू, लाकडी ठोकळे यांशी खेळता खेळता सृष्टीतील ईश्वरी सुसंगती बालकाच्या मनावर उमटावी, ही त्यांची दृष्टी होती. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना ही पद्धती शिकल्या, आणि स्वदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन उघडिले. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे गोरगरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या चालवून दाखविल्या. महागड्या साहित्याच्या जागी भोवतालच्या साध्या वस्तूंनी त्यांनी काम भागविले. त्यांचाच कित्ता आपल्या घरी गिरवावयाचा आहे. त्यासाठी पैसा लागत नाही; रोज दहा-पंधरा मिनिटे आणि पुष्कळसा धीर लागतो.

पहिला धडा : एकास एक. येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे. शंभरांपैकी एक हरवले, तेव्हा मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास निघाला. गोष्ट सांगून झाल्यावर बालकास विचारावे, ‘एक हरवले हे त्यास कळले कसे?’ मग सहा खेळण्यांची मेंढरे करावीत आणि प्रत्येकासाठी नदीतील एक खडा ठेवावा. बालकाने डोळे मिटले की एक मेंढरू लपवावे. आता प्रत्येक खड्याशेजारी मेंढरू ठेवता ठेवता एक खडा एकटाच राहतो. एकही अंक न म्हणता बालकास समजते की कोणी तरी कमी आहे. गणिताचा पाया तो हाच. जेवणाच्या वेळी माणशी एक ताट, ताटागणिक एक भाकरी, अशी मांडणी बालकाकडून करवून घेतली म्हणजे हा धडा रोजच होतो.

दुसरा धडा : शेवटचा शब्द. मोजताना प्रत्येक वस्तूस बोट लावावे; कोणती वगळू नये व कोणती दोनदा धरू नये. मोजून झाल्यावर विचारावे, ‘तर मग किती?’ पुष्कळ बालके पुन्हा एकापासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेला ‘पाच’ हा केवळ पाचव्या चिंचोक्याचे नाव नसून साऱ्या चिंचोक्यांची संख्या आहे, हे त्यांस अद्याप उमगलेले नसते. येथे घाई करू नये. तसेच चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून एक ओळ पसरविली, तर लांब ओळीत चिंचोके अधिक आहेत असे बालक सांगते. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने १९४१ मधील आपल्या ग्रंथात या गोष्टीचा बारकाईने विचार केला आहे. हा मूर्खपणा नव्हे. ती त्या वयाची दृष्टी आहे. रागावण्याने ती बदलत नाही. वारंवार स्वतः जुळवून पाहण्याने बदलते.

तिसरा धडा : मिळविणे, वेगळे करणे व शून्य. पाच भाकरी व दोन मासे यांची गोष्ट येथे उपयोगी पडते. पिठाच्या पाच लहान भाकरी व दोन मासे बालकाने स्वतः करावेत, एकत्र ठेवावेत व मोजावेत : सात. मग मासे बाजूस काढावेत : पुन्हा पाच. शून्यासाठी जळगावच्या केळ्यांची फणी पुरे. एकेक केळे घरातील माणसांस वाटीत जावे व दर खेपेस ‘आता किती राहिली?’ असे विचारावे. ताट रिकामे झाले म्हणजे त्या रिकामेपणासही नाव आहे, हे ऐकून बालकास मौज वाटते.

चौथा धडा : दहाची जुडी. तुरीच्या काड्यांचे तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या बांधाव्यात. दोन जुड्या व एक सुटी काडी म्हणजे एकवीस. मराठीत आपण एकक आधी बोलतो, पण लिहिताना दशक आधी लिहितो. म्हणून ‘एकवीस’ ऐकून मूल १२ लिहिते. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड, कारण त्यात तीस ऐकू येते व लिहावा लागतो २. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर असताना, २०१९ मध्ये, दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची जोड देण्यात आली. त्यावर महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. आमच्या मते घरी दोन्ही रूपे सुखाने नांदू शकतात. जुडी उचलताना ‘वीस आणि एक’ म्हणावे व लगेच ‘म्हणजे एकवीस’ असे जोडावे. भाषाही राहते, अर्थही उमगतो.

हे धडे केवळ ख्रिस्ती घरांसाठी आहेत असे कोणी समजू नये. कॅथलिक घरातील रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. दहाची जुडी तेथे आयतीच ओवलेली आहे. हिंदू घरातील जपमाळेत १०८ मणी, मुसलमान घरातील तसबीहमध्ये तेहेतीस किंवा नव्व्याण्णव. आखाजी ही तृतीया, मग गणेशचतुर्थी, नागपंचमी, रामनवमी, आषाढी एकादशी : हे सण म्हणजे तिसरा, चौथा, पाचवा या क्रमाचे चालतेबोलते पाठ होत. ज्या घरात जी कथा प्रेमाने सांगितली जाते, तीच त्या घराने घ्यावी.

मात्र एक गोष्ट बजावून सांगणे आम्हांस अवश्य वाटते. श्रद्धेने समजुतीची जागा घेऊ नये. ‘सात हा पवित्र अंक आहे’ असे शिकविल्याने सात समजत नाही. सात खडे हातात आल्याने समजतो. पाच भाकरींनी पाच हजार लोक तृप्त झाले ही कथा भक्तीच्या वेळी सांगावी. बेरजेच्या वेळी पाच आणि दोन सातच होतात, हे बालकास निःशंकपणे कळू द्यावे. आणि बालकाने ‘सहा’ म्हटले, तर ‘चूक’ म्हणून दटावू नये व ‘बरोबर’ म्हणून गोंजारूही नये. ‘पुन्हा मोजून पाहू या’ एवढेच म्हणावे. निर्णय खड्यांनी द्यावा. राजाने मोजले काय आणि रंकाने मोजले काय, खडे तितकेच भरतात, हे ज्या बालकाने आपल्या बोटांनी अनुभविले, त्यास सत्याचा पहिला धडा मिळाला असे समजावे. खोटे माप देवास अप्रिय आहे असा उपदेश सर्व धर्मांत आहे. तो उपदेश कळण्यास आधी खरे माप म्हणजे काय ते कळावे लागते.

ज्या माउलींस लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी संकोच धरू नये. भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवणारा, शेंगांचे सारखे वाटे घालणारा हात हा गणिताचा उत्तम शिक्षक आहे. विद्यार्थिमित्रहो, आपणांसही एक विनंती. आपल्या धाकट्या भावंडास पाढे पाठ करावयास लावण्यापूर्वी आज संध्याकाळी त्याच्यापुढे दहा चिंचोके ठेवा, आणि ते मोजीत असता मध्ये बोलू नका. मेंढपाळाने मोजले ते एकही मेंढरू मागे राहू नये म्हणून. घरातील व वर्गातील एकही मूल गणितात मागे राहू नये, यासाठी आपण तितक्याच मायेने मोजावयास शिकवू या.