प्रकाशवंचक

मनुस्मृतीत तस्करांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अप्रकाश, म्हणजे लपूनछपून चोरणारे. दुसरे प्रकाश, म्हणजे दिवसाढवळ्या डोळ्यांदेखत फसविणारे. पाठशाळेत हे आम्ही नुसते घोकले होते. अर्थ उमगला १९ मार्च १९८७ रोजी.

तेव्हा आमचे बिऱ्हाड गिरगावात. जवळच ऑपेरा हाउसला त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांची पेढी. तेथे भरदुपारी सीबीआयची धाड पडली, असे कानी आले. धाड कसली हो! एका भामट्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, २६ तरुण निवडून अधिकारी म्हणून पेढीवर नेले, आणि ३० ते ३५ लाखांचे दागिने ताब्यात घेऊन एकटाच पसार झाला. तो कधीच सापडला नाही. पोरे मात्र तेथेच उभी! नोकरीच्या आशेने आलेली. त्यांना चोर कोणत्या तोंडाने म्हणावे?

सीतामाईच्या दारी रावणही यतिवेषानेच आला होता.

पुढे कित्येक दिवस आमच्या चाळीत मीटर पाहणाऱ्यालाही कोणी दार उघडीना. एकादशीस एक वृद्ध वारकरी आला, गळ्यात माळ, खांद्यावर वीणा. आतून प्रश्न आला, "बुवा, गाव कोणतं? फड कोणाचा?" म्हातारा रागावला नाही. गाव, फड, दिंडीतला क्रम, सारे त्याने सांगितले. मग कडी निघाली.