गिझरचा खर्च किती? पट्टीवरचे आकडे वाचा, हिशेब आपण करा

थंडीत वीजबिल वाढलं की खापर गिझरवर फुटतं. ते किती खरं, हे घरच्या घरी काढता येतं. शाळेतली दोन सूत्रं पुरतात:

व्होल्ट × अँपिअर = वॅट
व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम, म्हणजे रोध

पट्टी काय सांगते?
१५ लिटरच्या गिझरवर बहुधा २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलेलं असतं. २००० ला २३० ने भागा: ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागा: कॉइलचा रोध सुमारे २६.४ ओहम.

पैसे किती?
१००० वॅट तासभर चालले की एक युनिट. म्हणून हा गिझर तासभर सलग तापला तर २ युनिट. पण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला १६ मिनिटं पुरतात, म्हणजे साधारण अर्धं युनिट. रोज दोन टाक्या तापवल्या तर महिन्याला ३० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३०० रुपये. आपला दर मात्र बिलावरून घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून चढा. वाढलेलं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडतं, म्हणून सरासरी दर न धरता आपल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा. त्यात वहन आकार आणि वीज शुल्कही मिळवा.

व्होल्टेज पडलं तर?
कॉइलचा रोध फारसा बदलत नाही. २०० व्होल्टला धारा ७.६ अँपिअरवर येते आणि गिझर जेमतेम १५०० वॅटचा उरतो. पाणी तापायला १६ ऐवजी २१ मिनिटं लागतात, युनिट मात्र जवळपास तेवढंच. वेळ वाढला म्हणून बिल वाढत नाही.

पंखा, फ्रिज, मोटर
इथे व्होल्ट-अँपिअरचा सरळ गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो, कारण पॉवर फॅक्टर आड येतो. त्यापेक्षा मीटर पाहा. एका युनिटला किती पल्स, हे इलेक्ट्रॉनिक मीटरवर छापलेलं असतं. ते ३२०० असेल, तर बाकी सगळं बंद करून लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि १८.७५ ने गुणा, की वॅट मिळतात. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याला चार लुकलुकी येतील, गिझरला शंभरावर. तोच पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा ११.

प्लग गरम लागतो?
याकडे दुर्लक्ष करू नका. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी असला, तरी ८.७ अँपिअरला तिथे ३८ वॅट उष्णता होते. तार वितळवणारं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटचं असतं. गिझरला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला तो जोडू नका. प्लग तापत असेल तर गिझर बंद ठेवा, वायरमनला बोलावून सॉकेट बदलून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. पंखा बदलायचं पुढच्या महिन्यावर ढकललं तरी चालेल, हे काम ढकलू नका.